जठरोच्छेदन: दुर्बिणीची आणि खुली पद्धत

जठरोच्छेदन म्हणजे जठराचा काही भाग किंवा संपूर्ण जठर शस्त्रक्रियेने काढून टाकणे होय. जठराचा कर्करोग हे या शस्त्रक्रियेचे आज सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. ती दोन मार्गांनी केली जाते. खुल्या पद्धतीत पोटाच्या वरच्या भागात मध्यरेषेवर लांब छेद घेतला जातो आणि शल्यचिकित्सक हात आत घालून काम करतो. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात वायू भरून, चार-पाच लहान छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्याची उपकरणे आत सोडली जातात आणि पडद्यावरील चित्र पाहत तेच काम केले जाते. पोटाच्या आत जे कापले, काढले आणि जोडले जाते ते दोन्हींत सारखेच असावे अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कोणत्या रुग्णात आणि कोणाच्या हातून पुरी होते, हाच या तुलनेतील मुख्य प्रश्न आहे. छेदाची लांबी हा त्याचा केवळ एक भाग आहे.

संज्ञा

मराठीत ‘दुर्बीण’ हा शब्द वैद्यकाच्या संदर्भात दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यामुळे रुग्णांचा व नातेवाइकांचा अनेकदा गोंधळ होतो. तोंडावाटे अन्ननलिकेतून जठरात लवचीक नळी घालून आतले अस्तर पाहणे यालाही दुर्बिणीची तपासणी म्हणतात. ही तपासणी म्हणजे अंतर्दर्शन किंवा एंडोस्कोपी होय. तिच्यात पोटावर कोणताही छेद नसतो. अगदी आरंभीच्या अवस्थेतील, केवळ अस्तरापुरता मर्यादित कर्करोग काही रुग्णांत याच नळीतून खरवडून काढता येतो आणि जठर शाबूत राहते. याउलट दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे उदरदर्शन किंवा लॅपरोस्कोपी. तिच्यात पोटाची भिंत भेदून उदरपोकळीत बाहेरून प्रवेश केला जातो. पुढील मजकुरात ‘दुर्बिणीची पद्धत’ हा शब्दप्रयोग दुसऱ्या अर्थाने केला आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

जठर ही निव्वळ अन्नाची पिशवी असती, तर ते काढणे फार अवघड ठरले नसते. परंतु त्याला चार मोठ्या रक्तवाहिन्यांकडून रक्त मिळते. त्याच्या मागे स्वादुपिंड, डावीकडे प्लीहा, वर यकृत व मध्यपटल आणि खाली आडवे मोठे आतडे असते. रक्तवाहिन्यांच्या कडेने लसीका ग्रंथींच्या साखळ्या पसरलेल्या असतात. कर्करोगाच्या पेशी बहुधा प्रथम या ग्रंथींमध्ये जातात. म्हणून कर्करोगासाठीच्या जठरोच्छेदनात जठराबरोबर या ग्रंथीही काढाव्या लागतात, आणि शस्त्रक्रियेतील कौशल्याचा व धोक्याचा मोठा वाटा येथेच असतो.

जपानी शल्यचिकित्सकांनी या ग्रंथींच्या स्थानांना क्रमांक दिले असून किती ग्रंथी काढल्या यावरून शस्त्रक्रियेची ‘डी-१’, ‘डी-२’ अशी वर्गवारी केली जाते. डी-१ मध्ये जठराला लगटून असलेल्या ग्रंथी काढतात. डी-२ मध्ये त्यांच्या जोडीला यकृताकडे व प्लीहेकडे जाणाऱ्या धमन्यांच्या कडेच्या ग्रंथीही काढल्या जातात. रोगाची अवस्था भरवशाने ठरवण्यासाठी किमान १५-१६ ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जाव्यात असा संकेत आहे.

डी-२ शस्त्रक्रियेचा लाभ सिद्ध होण्यास बराच काळ लागला. नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर लगेच होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण डी-१ गटात ४ टक्के, तर डी-२ गटात १० टक्के आढळले आणि युरोपात ही शस्त्रक्रिया काही काळ मागे पडली. त्याच रुग्णांच्या १५ वर्षांच्या पाठपुराव्यात मात्र जठराच्या कर्करोगाने झालेले मृत्यू डी-२ गटात ३७ टक्के आणि डी-१ गटात ४८ टक्के असल्याचे दिसले. आरंभीचे बरेच मृत्यू प्लीहा व स्वादुपिंडाचा काही भाग सोबत काढण्याच्या तत्कालीन प्रथेशी निगडित होते. ती प्रथा पुढे सोडण्यात आली. दुर्बिणीच्या पद्धतीची पारख करताना हा अनुभव वारंवार आठवला जातो. पहिल्या महिन्यातील हिशेब आणि पंधरा वर्षांचा हिशेब वेगळा निघू शकतो, हे त्यातून दिसले.

जठराचा खालचा दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग काढल्यास उरलेला भाग ग्रहणीला, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाला, किंवा त्यापुढच्या आतड्याला जोडतात. संपूर्ण जठर काढल्यास अन्ननलिकेचे टोक थेट लहान आतड्याला जोडावे लागते. हा जोड गळणे ही सर्वांत भीतिदायक गुंतागुंत असते आणि ती दोन्ही पद्धतींत उद्भवू शकते.

खुली पद्धत

छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून बेंबीपर्यंत, गरज पडल्यास बेंबीच्या खालीही, साधारण १५ ते २० सेंमी लांबीचा छेद घेतला जातो. यकृत व बरगड्यांच्या कडा वर ओढून धरण्यासाठी धातूचे आकडे लावतात. शल्यचिकित्सकाला संपूर्ण उदरपोकळी प्रत्यक्ष दिसते आणि हाताने चाचपता येते. गाठीचा कठीणपणा, ती मागच्या अवयवांना चिकटली आहे काय, हे बोटांना कळते. अचानक रक्तस्राव झाल्यास बोटाने दाब देऊन तो तत्काळ थांबवता येतो. मोठ्या, फोफावलेल्या किंवा शेजारच्या अवयवांत शिरलेल्या गाठींसाठी आणि पूर्वी पोटाच्या अनेक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी ही पद्धत आजही सोयीची मानली जाते.

तिची किंमत रुग्णाला छेदाच्या रूपाने मोजावी लागते. वरच्या पोटावरील छेद प्रत्येक श्वासागणिक ताणला जातो. वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकला दाबून धरतो, आणि फुप्फुसाच्या तळाशी कफ साचून न्यूमोनियाची शक्यता वाढते. जखमेत पू होणे आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी छेदाच्या जागी स्नायूंमध्ये फट पडून हर्निया होणे, हे प्रकारही लांब छेदात अधिक आढळतात.

दुर्बिणीची पद्धत

रुग्णाला संपूर्ण भूल दिली जाते. बेंबीजवळून उदरपोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू सोडून पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. आतील दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिमी स्तंभाइतका ठेवतात. हा वायू निवडण्याची कारणे दोन: तो पेट घेत नाही, त्यामुळे विद्युत उपकरणे निर्धोकपणे वापरता येतात, आणि तो रक्तात सहज विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. त्यानंतर ५ ते १२ मिमी व्यासाच्या नळ्या, म्हणजे पोर्ट, बसवले जातात. रुग्णाचे डोके वर व पाय खाली अशी खाट तिरकी केली जाते; त्यामुळे आतडी खाली सरकतात आणि जठराभोवती मोकळी जागा मिळते. ऊती कापताना रक्तवाहिन्या त्याच क्षणी बंद करणारी अल्ट्रासोनिक कात्री आणि आतडे एकाच दाबात कापून दोन्ही कडा शिवणारे स्टेपलर यांच्यावाचून ही शस्त्रक्रिया व्यवहारात रूढ झाली नसती.

काढलेले जठर एका पिशवीत घालून बाहेर काढण्यासाठी शेवटी ४ ते ६ सेंमीचा छेद घ्यावाच लागतो. त्या छेदातून जोडही बाहेरूनच केला, तर तिला दुर्बिणीच्या साहाय्याने केलेली शस्त्रक्रिया म्हणतात. जोड आतल्या आत केल्यास ती पूर्णतः दुर्बिणीची. ‘बिनछेदाची शस्त्रक्रिया’ हे जाहिरातींतील वर्णन दोन्हींना लागू पडत नाही.

पडद्यावरील चित्र कित्येक पट मोठे दिसते. स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने ग्रंथी सोडवताना ही मोठी सोय ठरते. उलट स्पर्शाचा आधार जवळजवळ नाहीसा होतो. आरंभीच्या अवस्थेतील कर्करोग जठराच्या बाहेरच्या पृष्ठभागावर दिसत नाही, आणि उपकरणाच्या टोकाने तो जाणवतही नाही. मग जठर नेमके कोठे कापावे? यासाठी आदल्या दिवशी किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी अंतर्दर्शनाच्या नळीतून गाठीच्या कडेला धातूची क्लिप लावतात अथवा शाईचे टोचण करतात. हा उपाय चुकल्यास कापलेल्या कडेवर रोग शिल्लक राहू शकतो.

पोटातील दाबाचे परिणाम भूलतज्ज्ञाला सांभाळावे लागतात. मध्यपटल वर ढकलले गेल्याने फुप्फुसे पुरती फुगत नाहीत, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पायांकडून हृदयाकडे येणारे रक्त कमी होते. निरोगी माणूस हे सहज सोसतो. हृदयाचा वा फुप्फुसाचा गंभीर विकार असलेल्या रुग्णात मात्र याचा आधी विचार करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखणे ही अनेकांची तक्रार असते. मध्यपटलाला व खांद्याला मानेतील सामाईक मज्जातंतूंकडून संवेदना मिळत असल्याने पोटातील वायूचा त्रास खांद्यात जाणवतो.

शस्त्रक्रिया दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडण्याचा निर्णय घ्यावा लागू शकतो. रक्तस्राव, घट्ट चिकटलेले अवयव किंवा अपेक्षेपेक्षा पसरलेली गाठ ही त्याची नेहमीची कारणे होत. हे अपयश समजले जात नाही. उलट योग्य वेळी घेतलेला असा निर्णय सुज्ञपणाचा मानला जातो. म्हणूनच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात पोट उघडण्याची संमतीही आधीच घेतलेली असते.

इतिहास

जठराचा भाग काढून रुग्ण जगवण्याचे पहिले प्रयत्न पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी १८७९ साली आणि पोलिश शल्यचिकित्सक लुडविक रिडिगियर यांनी १८८० साली केले. दोन्ही रुग्ण दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी जठराच्या निर्गमद्वाराशी कर्करोग झालेल्या ४३ वर्षांच्या एका स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. क्लोरोफॉर्मची भूल देऊन सुमारे दीड तासात रोगट भाग काढण्यात आला आणि उरलेले जठर ग्रहणीला रेशमी टाक्यांनी जोडले गेले. स्त्री बरी होऊन घरी गेली. मात्र रोग उलटून सुमारे चार महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण कर्करोग आटोक्यात आला नाही. यशाच्या या दोन कसोट्या तेव्हापासूनच वेगळ्या राहिल्या आहेत. जोडणीच्या दोन प्रकारांना आजही ‘बिलरोथ-१’ व ‘बिलरोथ-२’ अशीच नावे आहेत. संपूर्ण जठर काढून रुग्ण वाचवण्याचे श्रेय झ्युरिकच्या कार्ल श्लाटर यांना १८९७ साली मिळाले.

पोट न उघडता आत पाहण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. ड्रेस्डेनचे जॉर्ज केलिंग यांनी १९०१ साली कुत्र्याच्या पोटात हवा भरून मूत्राशय पाहण्याची दुर्बीण आत घातली. स्टॉकहोमचे हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेक दशके हे तंत्र प्रामुख्याने निदानापुरते आणि पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांपुरते मर्यादित राहिले. त्याला एक साधे कारण होते. नळीच्या टोकाला डोळा लावून एकच माणूस आत पाहू शकत असे. मदतनिसाला काहीच दिसत नसे. लहान व्हिडिओ कॅमेरा नळीला जोडता येऊ लागल्यावर, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सर्वांना एकाच पडद्यावर पाहून काम करणे शक्य झाले.

कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा जर्मनीतील शल्यचिकित्सकांनी त्यांना कडाडून विरोध केला. एरिश म्यूहे यांनी १९८५ साली आणि फ्रान्समधील फिलिप मूरे यांनी १९८७ साली पित्ताशय काढले. त्यानंतर मात्र पित्ताशयाची खुली शस्त्रक्रिया काही वर्षांतच जगभर मागे पडली. हे स्थित्यंतर मोठ्या तुलनात्मक चाचण्यांची वाट न पाहता घडले.

जठराच्या कर्करोगासाठी दुर्बिणीचा वापर जपानमध्ये सेइगो कितानो यांनी १९९१ साली प्रथम केला. पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये पीटर गोह यांनी संपूर्ण जोडणी पोटाच्या आतच करून शस्त्रक्रिया पूर्ण केली. येथे मात्र पित्ताशयासारखी घाई झाली नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पोर्टच्या छिद्रांपाशी रोग उगवल्याची उदाहरणे त्या काळात प्रसिद्ध होत होती आणि वायूच्या दाबाने कर्करोगाच्या पेशी पसरतात काय, ही शंका रास्त होती. पुढील चाचण्यांत मोठ्या आतड्यापुरती ती भीती बव्हंशी दूर झाली.

कर्करोगातील तुलना

पूर्व आशियातील देशांत जठराचा कर्करोग फार आढळतो. दक्षिण कोरियात ४० वर्षांवरील नागरिकांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम असल्याने तो बहुधा लवकर सापडतो. त्यामुळे या प्रश्नावरील सर्वांत मोठ्या यादृच्छिक चाचण्या, म्हणजे रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून केलेल्या चाचण्या, तेथेच झाल्या.

कोरियातील ‘क्लास-०१’ चाचणीत पहिल्या अवस्थेतील १,४१६ रुग्ण होते. दुर्बिणीच्या गटात गुंतागुंतीचे प्रमाण १३ टक्के, तर खुल्या गटात १९.९ टक्के होते. या फरकाचा मोठा भाग जखमेच्या तक्रारींचा होता. पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटातील ९४.२ टक्के आणि खुल्या गटातील ९३.३ टक्के रुग्ण हयात होते. जपानमधील ९२१ रुग्णांच्या चाचणीतही पाच वर्षे रोग न उलटता जगलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९५.१ व ९४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. तेथे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला अधिक वेळ लागला, पण रक्तस्राव कमी झाला. या पुराव्यानंतर जपानी मार्गदर्शक तत्त्वांनी पहिल्या अवस्थेतील, जठराचा खालचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दुर्बिणीच्या पद्धतीची शिफारस केली.

वाढलेल्या कर्करोगात प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण तेथे पूर्ण डी-२ शस्त्रक्रिया लागते आणि एक ग्रंथी मागे राहण्याची किंमत मोठी असते. चीनमध्ये १४ रुग्णालयांत झालेल्या चाचणीत १,०५६ रुग्ण सहभागी झाले. तीन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ७६.५ टक्के, खुल्या गटात ७७.८ टक्के होते. कोरियातील १,०५० रुग्णांच्या ‘क्लास-०२’ चाचणीत रोग न उलटता तीन वर्षे जगलेल्यांचे आकडे ८०.३ व ८१.३ टक्के आले, तर सुरुवातीच्या गुंतागुंतीचे प्रमाण १६.६ विरुद्ध २४.१ टक्के, म्हणजे दुर्बिणीच्या बाजूने होते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली चाचण्यांच्या रचनेविषयी. दुर्बिणीची पद्धत अधिक चांगली आहे हे सिद्ध करणे हा त्यांचा हेतू नव्हता. ती ठरावीक मर्यादेपेक्षा वाईट नाही, एवढेच तपासायचे होते. दुसरी शल्यचिकित्सकांविषयी. ‘क्लास-०१’ मध्ये भाग घेण्यासाठी दोन्ही पद्धतींच्या प्रत्येकी किमान ५० शस्त्रक्रियांचा अनुभव आवश्यक होता, आणि ‘क्लास-०२’ साठी इच्छुकांच्या शस्त्रक्रियांची चित्रफीत तज्ज्ञांकडून तपासून घेतली गेली. या पद्धतीत हात बसण्यास साधारण ४० ते ६० शस्त्रक्रिया लागतात असे मानले जाते. वर्षाकाठी जठराच्या कर्करोगाचे जेमतेम दहा रुग्ण येणाऱ्या रुग्णालयात हा पल्ला गाठण्यास पाच-सहा वर्षे लागतील, आणि त्या काळातील रुग्णांना वरील आकडे लागू होतीलच असे नाही. चाचणीतील निष्कर्ष पद्धतीइतकाच ती करणाऱ्यांनाही लागू असतो, हे लोकप्रिय लेखनात बहुधा निसटते.

युरोपातील चित्र काहीसे निराळे आहे. तेथे रुग्ण वयाने मोठे, वजनाने अधिक आणि रोग पुढच्या अवस्थेत असलेले असतात. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिली जाते. नेदरलँड्समधील २२७ रुग्णांच्या ‘लॉजिका’ चाचणीत दोन्ही गटांतील रुग्णालयातील मुक्काम मध्यमानाने सारखाच, ७ दिवसांचा, निघाला. गुंतागुंतीतही उल्लेखनीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवणे, लवकर खाऊ घालणे, नळ्या कमीत कमी ठेवणे आणि वेदना नीट आटोक्यात आणणे, ही काळजी दोन्ही गटांना सारखीच दिली गेली होती. दुर्बिणीच्या खात्यावर जमा होणारा काही फायदा प्रत्यक्षात या काळजीचा असतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

संपूर्ण जठर काढण्याच्या शस्त्रक्रियेबाबत पुरावा तुलनेने कमी आहे. अन्ननलिकेचे टोक मध्यपटलापाशी खोल जागी असते आणि तेथे दुर्बिणीने जोड करणे बरेच कठीण जाते. अनुभवी केंद्रांत हे सुरक्षितपणे करता येते असे आतापर्यंतच्या अभ्यासांतून दिसते. मात्र खालच्या भागाच्या शस्त्रक्रियेतील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावले जात नाहीत.

एवढी सावधगिरी कशासाठी, याचे उत्तर दुसऱ्या एका अवयवाने दिले. गर्भाशयमुखाच्या आरंभीच्या कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया अनेक वर्षे बिनदिक्कत केली जात होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ६३१ स्त्रियांच्या चाचणीत, तीन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण खुल्या पद्धतीत ९७.१ टक्के, तर दुर्बिणीच्या वा रोबॉटच्या पद्धतीत ९१.२ टक्के असल्याचे उघड झाले. लहान छेद, कमी वेदना, लवकर सुटका हे सर्व लाभ खरे असूनही अधिक स्त्रियांमध्ये रोग उलटला होता. जठरात असे घडत नाही हे गृहीत धरले गेले नाही. ते मोजून पाहिले गेले.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

दुर्बिणीच्या पद्धतीत पहिल्या आठवड्यातील वेदना कमी असते आणि आतड्यांची हालचाल बहुधा लवकर सुरू होते. पुढे आतडी एकमेकांना चिकटून अडथळा येण्याची शक्यताही कमी राहते, कारण पोटातील अवयव कमी हाताळले जातात.

मात्र वर्षभरानंतर रुग्णाला जे भोगावे लागते त्यात छेदाचा संबंध फारसा नसतो. पोटावरील व्रण लहान असला तरी जठर तेवढेच गेलेले असते. थोडे-थोडे, दिवसातून सहा-सात वेळा खावे लागते. वजन घटते. गोड किंवा पातळ पदार्थ घाईने खाल्ल्यास ते थेट आतड्यात उतरतात आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होतो. याला डंपिंग म्हणतात. संपूर्ण जठर काढलेल्यांच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यास लागणारे प्रथिन तयार होत नाही. शरीरातील साठा काही वर्षे पुरतो आणि नंतर रक्तक्षय व हातापायांना मुंग्या सुरू होतात. म्हणून ब-१२ ची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात. लोह व कॅल्शियम यांचीही कमतरता पडते. लवकर कामावर परतलेल्या रुग्णाकडून ही इंजेक्शने विसरली जाण्याचा धोका असतो.

निदानासाठी उदरदर्शन

एका प्रसंगी दुर्बिणीचा फायदा जवळजवळ निर्विवाद असतो. जठराचा वाढलेला कर्करोग अवयवांवरील पातळ आवरणावर, म्हणजे पर्युदरावर, तांदळाच्या कण्यांएवढ्या गाठींच्या रूपाने पसरतो. इतक्या लहान गाठी सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाहीत. पूर्वी पोट उघडल्यावरच त्यांचा पत्ता लागे आणि काही न काढता पोट पुन्हा शिवावे लागे. अशा रुग्णाचे अनेक आठवडे मोठी जखम भरण्यातच जात, केमोथेरपी लांबणीवर पडे, आणि त्याच्या हाती फारसा काळ नसे. आता मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दोन-तीन छिद्रांतून पाहणी केली जाते, पोट सलाइनने धुऊन ते पाणी कर्करोगाच्या पेशींसाठी तपासले जाते, आणि रोग पसरला असल्यास रुग्ण थोड्याच दिवसांत औषधोपचाराकडे वळू शकतो.

फुटलेला जठरव्रण

जठर किंवा ग्रहणीचा व्रण फुटून त्यातील द्रव पोटात सांडणे ही तातडीची अवस्था आहे. आम्लता कमी करणारी प्रभावी औषधे आणि बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू यांमुळे व्रणासाठी ठरवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया जवळजवळ संपल्या. या शोधासाठी दोघांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्रण फुटण्याचे प्रसंग मात्र वेदनाशामक गोळ्या व तंबाखू यांमुळे आजही येतात.

येथे जठर काढावे लागत नाही. छिद्रावर वपेचा, म्हणजे आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पदराचा, तुकडा ठेवून टाके घालतात आणि पोट भरपूर पाण्याने धुतात. १९२९ साली सेलन-जोन्स आणि १९३७ साली टोरोंटोचे रॉस्को ग्रॅहॅम यांनी वर्णिलेली ही युक्ती दुर्बिणीनेही करता येते. रुग्ण लवकर आला आणि रक्तदाब स्थिर असला, तर दुर्बिणीने वेदना कमी होते व जखम चिघळत नाही. रुग्ण शॉकमध्ये असल्यास, २४ तासांहून अधिक काळ लोटला असल्यास किंवा अन्य गंभीर आजार असल्यास मृत्यूचा धोका झपाट्याने वाढतो. तेव्हा पोटात वायूचा दाब निर्माण करण्यापेक्षा पोट उघडून कमीत कमी वेळात काम उरकणे बहुतेक शल्यचिकित्सक पसंत करतात.

स्थूलतेसाठी जठराचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत तुलनेचा प्रश्न जवळपास उरलेला नाही. जाड चरबीच्या थरातून घेतलेला लांब छेद चिघळण्याचा व फाटण्याचा धोका मोठा असल्याने ती आता सर्वत्र दुर्बिणीनेच केली जाते.

भारतातील स्थिती

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची पहिली ओळख बहुतेकांना कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून, स्त्रीनसबंदीच्या रूपाने झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उडवाडिया यांनी १९७० च्या दशकात निदानासाठी उदरदर्शनाचा वापर सुरू केला आणि १९९० साली भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. हे तंत्र श्रीमंत देशांपुरते नसून जेथे रुग्णाला एकेक दिवसाची मजुरी महत्त्वाची असते तेथे त्याचे मोल अधिक आहे, अशी त्यांची भूमिका होती.

जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वत्र सारखे नाही. मिझोराममध्ये ते सर्वाधिक असून दक्षिणेकडील राज्यांतही ते तुलनेने जास्त आहे. लोकसंख्येची नियमित तपासणी होत नसल्याने बहुतेक रुग्ण उशिरा, उलट्या व वजन घटल्यानंतर रुग्णालयात येतात. त्यामुळे जपान-कोरियातील पहिल्या अवस्थेच्या चाचण्यांचे निष्कर्ष येथील थोड्याच रुग्णांना थेट लागू होतात. अनेकांना आधी केमोथेरपी दिली जाते आणि त्यानंतर ऊती घट्ट व चिकट झालेल्या असतात. डी-२ शस्त्रक्रिया भारतीय रुग्णांत कमी मृत्युदराने करता येते हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २००० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या अनुभवातून दिसले. तो अनुभव खुल्या शस्त्रक्रियेचा होता.

खर्चाचा हिशेबही एकरेषीय नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत स्टेपलरच्या प्रत्येक वापराला नवे काडतूस लागते आणि एका जठरोच्छेदनात अशी अनेक काडतुसे खर्ची पडतात. खुल्या शस्त्रक्रियेत तोच जोड हाताने, काही धाग्यांत शिवता येतो. रुग्णालयातील मुक्काम घटल्याने वाचणारा पैसा रुग्णाच्या घरचा असतो, तर काडतुसांचा खर्च बिलात दिसतो. सार्वजनिक रुग्णालयांत ही सामग्री उपलब्ध आहे की नाही, यावर पद्धतीची निवड पुष्कळदा ठरते. काही ग्रामीण शल्यचिकित्सकांनी वायू न भरता पोटाची भिंत यांत्रिक आकड्याने उचलून, कण्यातून भूल देऊन दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत वापरात आणली आहे. पित्ताशय व आंत्रपुच्छ यांसाठी ती उपयुक्त ठरली असली तरी जठरोच्छेदनासारख्या दीर्घ शस्त्रक्रियेसाठी ती वापरली जात नाही.